जहाज नसलेली प्रशिक्षण नौका

नवी मुंबईत करावे येथे ‘ट्रेनिंग शिप चाणक्य’ ही व्यापारी नौकानयनाचे अधिकारी घडविणारी नामांकित संस्था आहे. नावात ‘शिप’ असले तरी ती इमारतींत भरते. तिची पूर्वज ‘डफरिन’ १९२७ साली मुंबई बंदरात प्रशिक्षणासाठी उभी राहिली, तेव्हा मुले खरोखरच जहाजावर राहत, झोळीत झोपत, होड्या वल्हवीत. नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी हे तिच्या पहिल्याच तुकडीतले. १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने तिची जागा घेतली आणि १९९३ पासून हे शिक्षण किनाऱ्यावर आले.

सोयीच्या दृष्टीने ते योग्यही असेल. परंतु विद्यार्थिदशेतच जहाजावर राहून काय शिकता येते, हे पाहायचे तर आज नौदलाकडे वळावे लागते. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली, १९९७ साली नौदलात दाखल झालेली ‘तरंगिणी’ ही तीन डोलकाठ्यांची आणि वीस शिडांची नौका कोचीला असते. जानेवारी २००३ ते एप्रिल २००४ या काळात तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तो मान मिळविणारी ती भारतीय नौदलाची पहिली नौका.

या नौकेवर आलेल्या छात्रांचे पहिले दिवस बहुधा पोट आणि समुद्र यांच्या भांडणातच जातात. तरीही पहाऱ्याची पाळी चुकत नाही. मध्यरात्री बारा ते पहाटे चार ही पाळी सर्वांत नकोशी. पण काळोखात दूरच्या जहाजाचे दिवे पाहून ते कोणत्या दिशेने चालले आहे, हे ओळखण्याची सवय तिथेच लागते. माध्यान्ही सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजायची. संध्याकाळी तारे उगवलेले असतात आणि क्षितिजही अजून दिसत असते, अशा थोड्याच मिनिटांत ताऱ्यांचे वेध घ्यायचे. आकडेमोड चुकली की नकाशावर जहाज भलतीकडेच जाते आणि सोबतीही हसतात. डोलकाठीवर चढून आडव्या काठीवरून शीड गुंडाळताना मात्र कोणी हसत नाही. तेथे एकट्याच्या ताकदीने काहीच होत नाही. दोर सर्वांनी एकाच वेळी ओढावा लागतो. गोडे पाणी जपून वापरणे, डेक घासणे, रोजच्या नोंदी लिहिणे हेही ओघानेच आले. सिम्युलेटरवर वादळ दाखविता येते, पण वादळात भिजलेल्या अंगाने पुन्हा पाळीवर उभे राहणे दाखविता येत नाही.

व्यापारी नौकानयनाकडे जाणाऱ्या मुलाला मात्र हा अनुभव पहिल्या नोकरीपर्यंत मिळत नाही. नौकाशास्त्राच्या पदविकेत किनाऱ्यावरील एक वर्षानंतर अठरा महिन्यांची समुद्रसेवा लागते. ती देणारे जहाज मिळेलच, याची शाश्वती नसते. मध्यमवर्गीय कुटुंबाने कर्ज काढून शुल्क भरावे आणि मुलाने जागेसाठी दलालांच्या दारी बसावे, हे चित्र नवे नाही. एखादे प्रशिक्षण जहाज हा सारा प्रश्न सोडवील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही सुरुवात कोठून तरी करावीच लागेल.

इतर देशांनी ती केव्हाच केली आहे. जपानची ‘निप्पोन मारू’ आणि ‘काइवो मारू’ ही शिडाची जहाजे व्यापारी नौकांवरील भावी अधिकाऱ्यांसाठीच चालविली जातात. पोलंडमधील ग्दिनिया येथील सागरी विद्यापीठाकडे १९८२ पासून ‘दार म्वोजेझी’ आहे. या प्रत्येक जहाजावर एका वेळी शंभराहून अधिक विद्यार्थी राहू शकतात. खर्चाचा आक्षेप येईल. पण त्या देशांनाही तो चुकलेला नाही. जहाज बांधणारे हात आपल्याकडे आहेतच. ‘तरंगिणी’नंतर २०१२ मध्ये नौदलात आलेली ‘सुदर्शिनी’ही गोव्याचीच. तिसरे जहाज सागरी विद्यापीठासाठी बांधावे आणि भारतीय छात्रांतून अधिकारी निवडणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या खर्चाचा वाटा उचलावा. त्यावरील महिने सक्तीच्या समुद्रसेवेत धरले जातील, ही तरतूद मात्र आधी व्हावी. नाहीतर पालकांच्या माथी आणखी एक शुल्क बसेल.