वांगाचे डाग आणि बारीक अक्षरे



सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचा, असे मी बँकेतील सेवेत प्रत्येक कर्जदारास सांगत आलो. हा नियम मी स्वतः एकदाच मोडला आणि त्याचे व्याज माझ्या पत्नीने भरले.

कर्जतचे आमचे दुकान पश्चिमाभिमुख. तिसऱ्या प्रहरी ऊन थेट गल्ल्यावर येते. धाकट्या मुलाच्या वेळी सौ.च्या गालांवर उमटलेले तपकिरी डाग पुढे तेथे बसून गडद होत गेले. कन्येच्या विवाहाला दोन महिने उरले असता मी औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीविना, एक ट्यूब आणली. पंधरवड्यात चेहरा उजळला. लग्न पार पडले, ट्यूब मात्र सुटली नाही. वर्षभराने त्वचा लाल झाली, उन्हात आग होऊ लागली आणि लेप थांबवताच डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परतले. त्वचारोगतज्ज्ञांनी तीच ट्यूब मला वाचावयास दिली. त्यात तीव्र स्टेरॉइड होते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. त्यामागे हेच अनुभव होते.

वांग म्हणजे अस्वच्छता नव्हे. लिंबू चोळून तो जात नाही, उलट त्वचा भाजते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी अधिक मेलॅनिन बनवू लागतात. ऊन, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे. पुरुषांनाही तो होतो. मात्र प्रत्येक तपकिरी डाग वांग नसतो. म्हणून निदान आधी, औषध नंतर.

उपचारात पहिला मान सनस्क्रीनचा. एसपीएफ ३० वा अधिक, शक्यतो आयर्न ऑक्साइडयुक्त रंगीत प्रकारचे; कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो. उन्हात असताना दर दोन-तीन तासांनी ते पुन्हा लावावे. आपल्या कर्जत-खालापुरात आभाळ भरले की हे सारे विसरले जाते; परंतु अतिनील किरण ढगांतून येतात, आणि त्यांचा काही भाग मोटारीच्या काचेतूनही. हायड्रोक्विनोन, ॲझेलेइक आम्ल ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मुदतीपुरतीच. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या घेण्यापूर्वी रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास सांगावा. गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याविना काहीही लावू नये. फरक दिसण्यास महिने लागतात आणि ऊन लागताच डाग परततात. ही मुदत ठेव नव्हे, रोजचे आवर्ती खाते आहे.

आता दोन शब्द आपल्या व्यापारी बंधूंसाठी. २०२३ च्या प्रारंभी अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींचे वृत्त प्रसिद्ध झाले. गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्यामुळे त्यांचे मूत्रपिंड बिघडले होते, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तज्ज्ञांनी त्याचा माग काढला. सौंदर्यप्रसाधनांत पारा वापरण्यास भारतात मनाई आहे. ज्या डबीवर उत्पादक, घटक आणि परवाना क्रमांक नाही, ती कितीही नफा देवो, आपल्या फळीवर ठेवू नये. समोरची ग्राहक कोणाची तरी सून, कोणाची तरी लेक असते.

सौ.चे डाग आता फिके आहेत, गेलेले नाहीत. दुकानासमोर कापडी पडदा लावला आहे. घरात येणारी प्रत्येक ट्यूब आता मी चष्मा लावून वाचतो.