लाबानाच्या घरची सात वर्षे

नाताळच्या दिवसांत गावी आलेल्या आपल्याच एका गृहस्थांनी माझ्यापुढे एक तक्रार मांडली. कॅनडात स्थिरावून त्यांना बरीच वर्षे झाली आहेत. ते म्हणाले, "फादर, आताची मुले बेइमान निघाली. लहान प्रांताच्या शिफारशीवर पी. आर. मिळवतात आणि शिक्का पडला की टोरांटोची वाट धरतात. नाव मात्र आम्हां सर्वांचे खराब होते." भोवती बसलेल्यांनी माना डोलावल्या. मला डोलावता आली नाही. त्या दिवशी केकच्या बशा हातात असताना जे नीट बोलता आले नाही, ते येथे लिहीत आहे.

प्रथम ती व्यवस्था काय आहे ते पाहू. परदेशातून येणारा माणूस मोठ्या शहरांकडेच ओढला जातो आणि लहान प्रांत ओस पडतात, म्हणून कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने प्रांतांना आपापले उमेदवार निवडण्याची मुभा दिली. मॅनिटोबाने १९९८ पासून ही वाट वापरली; क्वेबेकची पद्धत स्वतंत्र आहे, पण इतर सारे प्रांत पुढे ह्या वाटेवर आले. कुशल कामगार, तेथे आधीपासून राहणाऱ्यांचे नातेवाईक आणि तेथील महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेले परदेशी विद्यार्थी, हे तिचे तीन मुख्य दरवाजे. प्रांताने नाव सुचवायचे, पी. आर. मध्यवर्ती सरकारने द्यायची आणि अर्जदाराने त्या प्रांतात राहण्याचा आपला इरादा कळवायचा, असा हा व्यवहार आहे.

मॅनिटोबाची चतुराई मला मान्य करावी लागते. तेथे मामा, काका, आत्या, बहीण, चुलतभाऊ असला तर अर्जदाराला गुण मिळतात. शिक्षण दुसऱ्या प्रांतात झाले असेल तर गुण वजा होतात. विनिपेग सोडून आडगावी राहायला तयार असाल तर आणखी गुण. नातेवाइकाने तर अर्जदाराच्या स्थिरावण्याच्या योजनेवर सहीदेखील करावयाची असते. म्हणजे रक्ताचे नाते हा तेथे सरकारी खुंटा झाला आहे. माणूस नोकरीसाठी गाव बदलतो, परंतु रविवारी ज्यांच्या घरी जेवायला जायचे ती माणसे सहसा सोडत नाही, हे त्यांनी ओळखले.

आता बेइमानीच्या आरोपाकडे वळतो. अर्ज लिहितानाच ज्याच्या मनात टोरांटो आहे तो खोटे बोलतो. त्याची वकिली मी करीत नाही. पण पी. आर. मिळाल्यावर, राहून पाहिल्यावर, काम न मिळाल्याने जो प्रांत सोडतो तो कोणता कायदा मोडतो? कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील सहावे कलम कायम रहिवाशाला कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याची व पोट भरण्याची मोकळीक देते. ही मोकळीक त्या देशानेच दिली आहे. आपण ती वापरणाऱ्याला चोर ठरवायला निघालो आहोत!

आणि दिलेल्या शब्दाचाच हिशेब करायचा तर तो दोन्ही बाजूंनी करावा. प्रिन्स एडवर्ड आयलंड हा त्या देशातील सर्वांत लहान प्रांत, लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात. माणसे टिकत नाहीत अशी त्याची जुनी ओरड. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्याच प्रांताने आपली नामांकने सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी केली आणि कात्री मुख्यतः दुकाने, उपाहारगृहे अशा विक्री व सेवेच्या कामांवर चालवली. ह्याच कामांवर शेकडो परदेशी तरुण आधीच राबत होते. त्यांतील काही ऑन्टारिओत शिकून, मोठी शहरे सोडून मुद्दाम बेटावर आलेले. मे २०२४ मध्ये ते राजधानी शार्लटटाऊनमध्ये विधिमंडळासमोर बसले आणि काहींनी उपोषण केले. त्यांत आपल्या देशातील मुले पुष्कळ होती. मागणी अशी, की आम्ही ज्या नियमांखाली आलो त्याच नियमांनी आम्हांला जोखा. प्रांत आपल्या धोरणावर ठाम राहिला.

दवाखाने अपुरे, घरे अपुरी, ही प्रांताची अडचण खोटी नव्हती. नव्याने येणाऱ्यांसाठी दार अरुंद करण्याचा अधिकारही त्याला आहे. पण जो उंबऱ्याच्या आत येऊन दोन वर्षे भांडी घासतो आहे, त्याच्यासाठी नियम बदलणे ही वेगळी गोष्ट आहे. पदवीनंतरचे वर्क परमिट आठ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे, आणि ते साधारणतः आयुष्यात एकदाच मिळते. त्या मुदतीत नियम फिरला तर मुलाच्या हाती उरते काय?

मध्यवर्ती सरकारनेही नळ तसाच सोडला-बंद केला. प्रांतिक नामांकनाचे लक्ष्य २०२४ साली १,१०,००० होते, ते २०२५ साठी ५५,००० वर आणले. पुढे २०२६ साठी ते पुन्हा ९१,५०० झाले. कागदावरच्या ह्या चढउतारात कोणाच्या तरी परमिटची तारीख उलटून जाते.

उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब आपल्या मामाकडेच गेला होता. राहेलसाठी सात वर्षे राबला आणि पदरात लेआ पडली. मग आणखी सात वर्षे. लाबानाने त्याची मजुरी दहादा बदलली. शेवटी याकोब न सांगता निघाला, तेव्हा पाठलाग करून 'तू मला फसवलेस' अशी तक्रार लाबानानेच केली. आमच्या गृहस्थांची तक्रार ऐकताना मला तोच आवाज आठवला. प्रवचनांतून तरुणांच्या 'डॉलरच्या मोहा'वर कोरडे ओढणाऱ्या माझ्या धर्मगुरुबंधूंनीही हा अध्याय पुन्हा वाचावा. परमगुरू तेविसावे जॉन ह्यांनी १९६३ च्या परिपत्रकात स्थलांतर हा माणसाचा हक्क म्हणून मांडला आहे. त्याला मोहाच्या यादीत टाकण्याचे काम आपण कशाला करावे?

राग धरायचाच तर मी तो विनिपेगच्या मामांवर धरीन. सर्वच मामांवर नव्हे. पण सहीच्या वेळी "ये रे, सगळे होईल" म्हणणाऱ्यांवर नक्कीच. नामांकन म्हणजे हमी नव्हे, शिकून झाल्यावर नियम बदललेले असू शकतात, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. इकडे बापाने वाडीचा तुकडा गहाण टाकलेला असतो. विद्यार्थ्याने खात्यात दाखवावयाची खर्चाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून एकदम २०,६३५ डॉलर झाली. शिकवणी शुल्क त्याहून निराळे. एवढे कर्ज काढणाऱ्याला भाच्याच्या परमिटचे महिने मोजून सांगणे हे सही करणाऱ्याचे काम आहे.

माझ्याकडेही चारित्र्याच्या दाखल्यासाठी अशी कुटुंबे येतात आणि आजवर मी मुकाट्याने सही करून 'देव बरे करो' म्हणत आलो. पुढच्या आठवड्यात आणखी एक कुटुंब येणार आहे. मुलाला विनिपेगच्या एका महाविद्यालयात जायचे आहे, मामा तेथेच आहे. दाखला मी देईनच. पण त्याआधी मामांना फोन लावून द्या, असे मी त्यांना सांगितले आहे.