भाषेचा जकातनाका



परदेशी विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांत परकीय विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग आणि नोकरदारांसाठी निरंतर शिक्षणाचे अभ्यासक्रम मोठ्या सौजन्याने मांडलेले असतात. या सौजन्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आज आम्हाला समाजापुढे ठेवावयाचा आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला, गुणवत्तेत कोठेही कमी नसलेला आपला विद्यार्थी परदेशी अर्ज करतो. विद्यापीठ त्याला सशर्त प्रवेश देते : आधी इंग्रजीचा वर्ग पूर्ण कर, मग मूळ अभ्यासक्रमाला ये. इकडे अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. परंतु तिच्या अर्जासोबत विनाअट प्रवेशपत्र मागितले जाते. म्हणजे ज्याला भाषावर्गाची सर्वाधिक गरज, त्याच्याच तोंडावर दार बंद! पदरच्या पैशाने वर्ग करणे हे भूमिहीनाच्या लेकराला कसे परवडावे? त्यातच आयईएलटीएस परीक्षेचा निकाल साधारणतः दोनच वर्षे ग्राह्य धरतात. शिकलेली भाषा दोन वर्षांत विसरत नाही. शुल्क मात्र पुन्हा भरावे लागते. भाषावर्ग हा पूल असावयास हवा होता, त्याचा जकातनाका झाला आहे.

कोणी म्हणतील, इंग्रजी यावयासच हवी, यात अन्याय कसला? इंग्रजीला आमचा विरोध नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहातच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. आमचे म्हणणे इतकेच की, विद्यापीठाने पात्रता मान्य केल्यावर भाषेची तयारी हा शिक्षणाचाच भाग ठरतो आणि तिचा खर्च शिष्यवृत्तीने उचलला पाहिजे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, हा इतिहास आपणास ठाऊक आहे. सर्वांनाच ती वाट पुन्हा गाठता येत नाही.

आता थोडे घरातले बोलू. १९२० साली सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकपद सोडून बाबासाहेब पुन्हा विद्यार्थी झाले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. त्यांनी मिळविली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. निरंतर शिक्षण ते हेच! आम्हा डॉक्टरांना सिंगापूरमध्ये २००३ पासून ते सक्तीचे आहे. त्यावाचून व्यवसायाचा परवाना नूतनीकृत होत नाही. मग आपल्या घरांत पदवीची भिंतीवरील तसबीर म्हणजे शिक्षणाची समाप्ती, असे का मानले जाते? येथे २५ वर्षांवरील नागरिकांना शासनाने २०१६ पासून ५०० डॉलरचे स्किल्सफ्युचर क्रेडिट दिले. चाळिशी ओलांडलेल्यांना २०२४ मध्ये आणखी ४,००० डॉलर दिले. आपल्यापैकी जे नागरिक झाले, त्यांनी आपले खाते शेवटचे कधी उघडले? आणि जे नोकरीच्या पासवर आहेत, ज्या भगिनी डिपेंडंट पासवर आहेत, त्यांना या क्रेडिटचा लाभ नाही. त्यांच्यासाठी आपण काय केले? उलट, नव्याने आलेल्या मुलाच्या इंग्रजीला आपल्याच मेळाव्यात हसणारे लोक आम्ही पाहिले आहेत. भाषेवरून माणसाची पायरी ठरविणे ही जुनीच व्याधी आहे, फक्त नव्या कपड्यांतील.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली : सशर्त प्रवेश आणि भाषावर्गाचे शुल्क शिष्यवृत्तीच्या कक्षेत आणावे, असे निवेदन संघटनेने महाराष्ट्र शासनाला द्यावे. दुसरी : येथील खाजगी संस्थेत मुलाला घालण्यापूर्वी तिला एज्युट्रस्ट प्रमाणपत्र आहे काय, हे संघटनेने तपासून सांगावे, दलालाच्या शब्दावर कोणी पैसे भरू नयेत. तिसरी : हार्बरफ्रंट परिसरातील कुटुंबांनी दर रविवारी आळीपाळीने आपल्या घरी इंग्रजी संभाषणाचा विनाशुल्क वर्ग चालवावा. व्हिवोसिटीमध्ये २०१९ पासून सार्वजनिक ग्रंथालय आहे. पुस्तकांची उणीव नाही. उणीव आहे ती आठवड्यातील दोन तासांची.

जयंतीच्या हाराला आपल्याकडे पैसा कधी कमी पडत नाही. तो दोन तासांचा वेळही कमी पडू नये.

जय भीम!