पावती आहे, पोर कुठे आहे?

१९९२ च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनाने एक चांगला निर्णय घेतला. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या घरांतल्या, पहिली ते चौथीत शिकणाऱ्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल रोजचा एक रुपया द्यायचा. शाळेचे दिवस २२० धरले तर वर्षाचे २२० रुपये. कल्पना साधी होती, पण तिच्यामागे गावाची जाण होती. आमच्या खान्देशात पोरगी घरी राहिली तर धाकट्याला सांभाळते, शेळ्या वळते, कापूस वेचायला आईच्या जोडीला जाते. तिच्या घरी राहण्याला घरच्या हिशेबात किंमत असते. ती किंमत थोडी तरी भरून द्यावी, एवढाच त्यामागचा विचार.

पुढची तीन दशके हा रुपया रुपयाच राहिला. मी बँकेत होतो तेव्हा आमचा महागाई भत्ता दर तिमाहीला हलायचा आणि पगाराचे करार पाच वर्षांच्या मुदतीचे व्हायचे. १९९२ साली एका रुपयात पेन्सिल यायची आणि वर एखादी लिमलेटची गोळीही. नंतर गोळी गेली, मग पेन्सिलही गेली. त्या पोरीच्या महागाईचा निर्देशांक मात्र कुणी काढला नाही.

पण रक्कम लहान आहे एवढीच तक्रार असती, तर मी रविवारची तुमची सकाळ खर्ची घातली नसती. मला सलते ते वेगळेच. गरीब घरच्या लहान मुलासाठी म्हणून जो जादा पैसा शाळेपर्यंत येतो, तो कशावर खर्च करायचा हे त्या मुलाला ओळखणारे कुणी ठरवत नाही. आणि खर्च झाल्यावर हिशेब मागितला जातो तो पावतीचा, पोराचा नव्हे.

गणवेशाचेच पाहा. सर्व शिक्षा अभियानातून दोन जोडांसाठी ४०० रुपये मिळत. मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालची मुले एवढ्यांनाच ते होते. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला नवा सदरा आणि दुसऱ्याला नाही, असेही दिसे. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे नोटबंदीच्या ऐन धामधुमीत, निर्णय झाला की हे पैसे विद्यार्थी आणि त्याची आई यांच्या संयुक्त बँक खात्यात जमा करायचे. पालकाने आधी गणवेश विकत घ्यायचा, पावती शाळेत द्यायची, मग रक्कम खात्यात येणार. मधल्या माणसाचा हात लागू नये हा हेतू चांगलाच होता. थेट खात्यात पैसे जावेत या मताचा मीही आहे. पेन्शनच्या आणि निराधार योजनेच्या बाबतीत त्याचा उपयोग मी काउंटरच्या आतून पाहिला आहे.

पण २०१७ च्या त्या जून-जुलैत सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या शाखेत मी होतो, तिथे सकाळी दहाच्या आत आयांची रांग लागायची. कडेवर एक, बोटाला एक. कुणाजवळ पोराचे आधार नाही, कुणाच्या आधारवर जन्मतारीख नाही, कुणाचे नाव शाळेत एक आणि रेशनकार्डावर दुसरे. जनधनचे खाते होते, पण ते आईच्या एकटीचे. पोराबरोबर संयुक्त खाते नव्याने उघडायचे. खाते उघडायला पाचशे-हजार भरा असे सांगणाऱ्या शाखाही त्या वेळी होत्या, आणि तशा बातम्या वर्तमानपत्रांतून येत होत्या. चारशे मिळवण्यासाठी आधी पाचशे भरायचे! पेरणी-निंदणीचे दिवस, बँकेत आले की त्या दिवसाची मजुरी गेली. एका बाईने मला स्वच्छ हिशेब सांगितला, "सायेब, चारशे रुप्यासाठे चार चकरा हुई ग्यात, मजुरी बुडनी ती येगळीच." माझ्या शाखेतल्या कुठल्याही अधिकाऱ्याने त्या योजनेचा ताळेबंद याहून अचूक मांडला नसता.

पुढे ती पद्धत मागे पडली. रक्कम दोन जोडांना ६०० झाली आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. २०२३ मध्ये सगळ्याच मुलांना गणवेश देण्याचे ठरले, हे उत्तम झाले. बाकावरचा भेद गेला. पण लगेच २०२४-२५ ला ‘एक राज्य एक गणवेश’ आले. कापड राज्यपातळीवर एकत्र विकत घ्यायचे, महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचे आणि गावोगाव पाठवायचे. दुसऱ्या, स्काउट-गाईडच्या गणवेशाचे नुसते कापड शाळेकडे, शिलाईला शंभर आणि वर दहा रुपये. आता आमच्या खान्देशातला कोणता शिंपी शंभर रुपयांत पँट-शर्ट शिवतो ते मला दाखवा! शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला कितीतरी मुले जुन्याच कपड्यांत उभी होती. जे गणवेश आले त्यांतले कुणाला ढगळ, कुणाला आखूड. डिसेंबर २०२४ मध्ये हा कारभारही आवरता घेऊन खरेदी पुन्हा शाळा समितीकडे देण्याचे ठरले. आठ वर्षांत चेंडू आईकडून समितीकडे, समितीकडून मंत्रालयाकडे आणि परत समितीकडे. पहिलीला होते ते पोर तोवर आठवी पार करून गेले.

गणवेशावर मी इतका रेंगाळलो, कारण तो डोळ्यांना दिसतो. न दिसणाऱ्या पैशाची गत निराळी नाही. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान मिळते. २०२१ नंतरच्या आराखड्यात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार आणि हजारापर्यंत ७५ हजार असे टप्पे आहेत. बँकेच्या सवयीने मी भागाकार केला. पाड्यावरच्या २५ मुलांच्या शाळेला दरडोई ४०० रुपये पडतात आणि शहरातल्या ३०० मुलांच्या शाळेला २५०. म्हणजे वरवर पाड्याचे झुकते माप. पण विजेचे बिल, छपराची गळती, हातपंप, खडू-फळा हा खर्च डोकी मोजून येत नाही. तो भागवल्यावर पाड्यावरच्या गुरुजींच्या हातात उरते काय? आणि मुख्य म्हणजे या टप्प्यांत मुलाच्या गरिबीचा कुठे प्रश्नच नाही. पट मोजला जातो. कुणाचे आईबाप ऊसतोडीला जातात, कुणाच्या घरात पुस्तकातली भाषा बोललीच जात नाही, याला त्या तक्त्यात रकाना नाही. त्यातही पैसा उशिरा आला की ३१ मार्चच्या आत संपवायची घाई. मार्चअखेर काय असते ते बँकवाल्याला सांगायला नको. त्या घाईत घेतलेली वस्तू शाळेला हवीच होती असे नसते. ती दुकानात होती आणि तिची पावती मिळत होती, इतकेच.

इंग्लंडने २०११ च्या एप्रिलपासून एक निराळी रीत पाडली. शाळेत मोफत जेवण मिळण्यास पात्र असलेल्या प्रत्येक मुलामागे त्या शाळेला जादा रक्कम द्यायची. पहिल्या वर्षी ती ४८८ पौंड होती. २०१५ पासून तीन-चार वर्षांच्या बालवाडीतल्या मुलांनाही वर्षाला साधारण तीनशे पौंड लागू झाले. खर्च कशावर करायचा ते मुख्याध्यापकाने ठरवायचे, पण कशावर केला आणि त्याने काय फरक पडला हे जाहीर करायचे. तिथेही सगळे आलबेल झाले असे समजू नका. २०१२ साली तिथल्या शाळा तपासनीस खात्याने विचारणा केली, तेव्हा निम्म्या शाळांनी सांगितले की या पैशाने आमच्या कामात फारसा फरक पडलेला नाही. पैसा इतर भोके बुजवण्यात गेला होता. साहेबाच्या देशातही मार्च महिना असतो तर! पण निदान प्रश्न बरोबर विचारला गेला आणि त्याचे उत्तर चव्हाट्यावर मांडले गेले.

मग खर्च करावा तरी कशावर? याचे एक उत्तर आपल्याच राज्यात मिळालेले आहे. मुंबईत ‘प्रथम’ या संस्थेने नव्वदच्या दशकात बालसखी नावाचा उपक्रम सुरू केला. महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीत जाऊनही ज्यांना धड वाचता येत नाही, अशी पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी बसवायची आणि त्याच वस्तीतल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या मुलीने त्यांना मुळाक्षरांपासून शिकवायचे. तिला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात याचा पद्धतशीर अभ्यास झाला. मुलांची प्रगती झाली, आणि ती झाली मुख्यतः मागे पडलेल्यांची. वर्षभराने त्यातला बराच फायदा ओसरला, हेही अभ्यासकांनी लपवले नाही. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. त्यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या पारितोषिकाचे तिसरे मानकरी मायकेल क्रेमर. त्यांनी सहकाऱ्यांसह केनियात पाहिले की शाळांना फुकट पाठ्यपुस्तके दिली, तरी फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांचा. पुस्तके इंग्रजीत आणि इंग्रजी बहुतेकांची तिसरी भाषा. पुस्तक हातात होते, पण उघडून उपयोग नव्हता.

हे वाचताना मला केनिया दूरची वाटली नाही. चोपडा-यावलच्या डोंगरपट्ट्यात, शिरपूरच्या उत्तरेला, पावरा आणि भिल्ल मुले पहिलीत येतात तेव्हा गुरुजींची मराठी त्यांना परकी असते. आमच्या अहिराणी पोरांचेही तसेच, जरा सौम्य प्रमाणात. घरात ज्याला ‘आंडोर’ म्हणतात तो पुस्तकात ‘मुलगा’ होऊन बसतो. दोन वर्षे नुसती भाषा उमगण्यात जातात आणि तोवर पोर ‘ढ’ ठरते.

धुळे जिल्ह्याने २०१५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत एक मोठी गोष्ट केली, तिचा उल्लेख इथे करायलाच हवा. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कच्या बँकिंग क्षेत्रात असलेले हर्षल विभांडिक गावोगाव सभा घेत हिंडले. सत्तर टक्के गावाने घाला, तीस टक्के मी घालतो, असे सांगत त्यांनी जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या वर शाळा डिजिटल करण्याला हातभार लावला. पडद्यापेक्षा मला त्यातली वर्गणी मोलाची वाटते. स्वतःचे शंभर रुपये घातलेला माणूस शाळेत डोकावतो, विचारतो. पण पडदा साऱ्या वर्गासाठी एकच चित्र दाखवतो. मागच्या रांगेतल्या पोराजवळ बसून, त्याच्या बोलीत, ‘हे काय लिहिलंय सांग बरं’ असे विचारायला माणूसच लागतो.

आणि पोर जाग्यावर असावे लागते. चाळीसगावकडच्या तांड्यांतून आणि साक्रीच्या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता निघाला की पोरेही निघतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप परतेपर्यंत मूल गावातच राहते, दोन वेळचे जेवण शाळा समितीच्या देखरेखीखाली मिळते. मला वाटते, जादा पैशाच्या साऱ्या योजनांत दुखण्यावर नेमके बोट ठेवणारी हीच. पण तिची मंजुरी गाड्या निघायच्या आत यायला हवी. साने गुरुजी १९२४ ते ३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत, तेव्हा छात्रालयही सांभाळत. त्यांच्या तिथल्या कामाच्या आठवणी सांगताना लोक खर्चाचा आकडा सांगत नाहीत. मुलांचे कपडे कोण धुवायचे ते सांगतात.

आता माझा बँकवाल्याचा प्रस्ताव. पाड्यावरच्या २५ मुलांच्या शाळेत तिथलीच, पावरी बोलणारी, बारावी झालेली मुलगी रोज दोन तास पहिली-दुसरीच्या मुलांजवळ बसवायची. महिना दोन हजार धरले तर दहा महिन्यांचे वीस हजार. हे त्या शाळेच्या वर्षाच्या अनुदानाच्या दुप्पट होतात. मग आणायचे कुठून? साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तिथल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के हिस्सा थेट मिळतो. तो ज्या कामांवर खर्च करता येतो त्यांत शिक्षण आहे. ठरवायचे ग्रामसभेने. बहुतेक ठिकाणी त्यातून रस्ता, गटार, सभामंडप होतो, कारण त्याचे अंदाजपत्रक तयार मिळते आणि पुढारी नारळ फोडू शकतो. पोर वाचायला लागले याचा नारळ कुठे फोडणार?

शिक्षण हक्क कायद्याने शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असे सांगितले आहे. बहुतेक गावांत त्या बायकांचा अंगठा वा सही घरपोच घेतली जाते. वर्षातून दोनदा, कापूस वेचणी सुरू व्हायच्या आधी आणि होळीला माणसे गावी आलेली असताना, ही समिती संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसवावी. गुरुजींनी अनुदानाचा आकडा सांगावा, काय घेतले ते सांगावे. मग प्रत्येक मुलाने आपल्या आईसमोर एक परिच्छेद वाचून दाखवावा. ज्याला वाचता येणार नाही त्याचे नाव पुढच्या खर्चाच्या यादीत पहिले लिहावे. उपयोगिता प्रमाणपत्रावर सही त्यानंतर, आणि ती त्या आयांनी करावी.