दिवा नाही तर रात्रीची खेप नाही



गळीत हंगामात ऊस भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यात उभी राहिली आणि मागचा दिवा बंद असला, तर मोटारसायकलवाल्याला ती जवळ येईतो दिसत नाही. रिफ्लेक्टरवर धूळ असते, वर वाढे लोंबत असतात.

दिवा लागेना म्हणून आपण बल्ब बदलतो, नाहीतर फ्यूजच्या जागी जाड तार घालतो. मग शॉर्ट झाले की वायर पेटणार, आणि वर पाचट आहेच!

दोष पुष्कळदा अर्थिंगचा असतो. हुकाच्या पिनेला गंज आणि ग्रीस. त्यातून करंट नीट परतत नाही. ब्रेक दाबताच इंडिकेटर मिणमिणला, तर हीच खूण समजावी. दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत सुटी तार धरून पाहा. दिवा लागला तर प्लगमधून अर्थची वेगळी तार ओढा. न लागल्यास १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पने प्लगपर्यंत करंट येतो का, ते बघा.

आमचे स्पष्ट मत आहे की, दिवे तपासल्याशिवाय रात्रीची खेप देऊ नये. तोडलेला ऊस रात्रभर थांबला तर वजनात थोडी तूट येईल. माणूस गेला तर ती तूट कोणत्या काट्यावर भरून निघणार?