शाळेची राखीव जागा

वस्ती वाढली कीं शाळा आपोआप येईल, असा समज आम्हांस पुष्कळ घरीं आढळतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वयें विकास आराखड्यांत शाळेसाठीं जागा राखतां येते, हें खरें. परंतु दहा वर्षांत ती संपादन न झाल्यास मालकास नोटीस देतां येते, आणि पुढील मुदतींतही नगरपालिका स्वस्थ बसली तर आरक्षण रद्द होतें. मग तेथें इमले उठतात. मुलें मात्र दूरच्या शाळेंत दाटीनें बसतात. १९६२ च्या कायद्याचा शिक्षणकर आपण भरतों, पण तो राज्य सरकारकडे जातो. जमिनीचा मोबदला नगरपालिकेनेंच द्यावयाचा असतो. म्हणून घरांतील कर्त्या मंडळींनीं अंदाजपत्रकापूर्वींच या जागेविषयीं नगरसेवकांस विचारावें, अशी आमची विनंती आहे. मुदत टळल्यावर केलेली तक्रार व्यर्थ होय.