कूर्ग ‘केलं’ म्हणजे नक्की काय केलं?

मराठी माणूस ठिकाणं ‘करतो’. आजोबांच्या पिढीने काशी केली, बाबांच्या पिढीने अष्टविनायक केले आणि आता आपल्या होस्टेलचा निम्मा मजला सुट्टीत कूर्ग करून येतो. गेल्या डिसेंबरात सेमिस्टर संपल्या संपल्या आमचंही झालं. आई, बाबा, आजी, धाकटी बहीण, मी आणि एक भाड्याची गाडी. जागा सुंदर आहे यात वादच नाही. पण आपण ती ज्या पद्धतीने बघतो, त्याबद्दल मला जरा भांडायचं आहे.

ड्रायव्हरकाकांनी निघतानाच यादी हातात ठेवली. दोन दिवस, सात पॉइंट. राजाज सीट, ॲबी फॉल्स, दुबारेचा हत्ती कॅम्प, तलकावेरी वगैरे. प्रत्येक ठिकाणी पार्किंग, गर्दी, फोटो आणि पुन्हा गाडीत. आजीला तलकावेरीचं कुंड बघायचंच होतं, ते ठीक. बाकीच्या पॉइंटांचं एवढं काय कौतुक आहे, मला खरंच कळलं नाही. आणि या सात पॉइंटांच्या मधे जो रस्ता असतो, ज्याच्या दोन्ही बाजूंना अख्खा जिल्हा पसरलेला असतो, तिथे आपण गाडीत झोपलेलो असतो! देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा या कोडगू जिल्ह्याचा.

आम्ही उतरलो होतो तो होमस्टे एका मळ्यातच होता. खिडकीतून बघून आई म्हणाली, “काय दाट जंगल आहे गं बाई!” ते जंगल नव्हतं. नीट बघितलं की मजले दिसतात. खाली कॉफीची झुडपं. त्यांना मोकळं सोडलं तर दोन माणसांच्या उंचीची होतील, पण हात पोचावा म्हणून छाटून बुटकी ठेवलेली. त्यावर पांगारा. त्याच्याही वर सिल्व्हर ओक, फणस, उंबराच्या जातीची झाडं, आणि त्यांच्या खोडांवर चढवलेले मिरीचे वेल. ब्राझीलमध्ये बरीचशी कॉफी उघड्या उन्हात असते, आपल्याकडे ती सावलीत वाढवतात. सावलीमुळे ओल टिकते, पाचोळ्याचं खत होतं. शिवाय अरेबिकाचं खोड पोखरणाऱ्या भुंग्याला ऊन पडलेली खोडं आवडतात, त्यामुळे सावली हेच त्याच्यावर औषध. म्हणजे आपण ज्याचा ‘निसर्ग’ म्हणून फोटो काढतो ते मुळात एक डिझाइन आहे. कुठली फांदी उतरवायची, किती ऊन खाली सोडायचं, हे दरवर्षी कुणीतरी ठरवत असतं.

डिसेंबर हा अरेबिकाच्या तोडणीचा काळ. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून लाल झालेली तेवढीच तोडायची आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच झुडपापाशी यायचं. उतारावर, पाठीला पोतं बांधून. मेकॅनिकलवाल्यांनी यावर मशीन शोधून दाखवावं! (ब्राझीलच्या सपाट मळ्यांत आहे, इथे उतार आणि झाडांची दाटी, दोन्ही आडवे येतात.) मग पल्परमध्ये साल काढायची, बी आंबवून धुवायचं, अंगणात उन्हात वाळवायचं. सुमारे पाच-सहा किलो फळांतून एक किलो कॉफी बी निघतं.

आमची आजी माहेरची निपाणीची, कन्नड फाडफाड बोलते. ती मोठ्या उत्साहाने तोडणी करणाऱ्या बायकांशी बोलायला गेली आणि दोन मिनिटांत परत आली. “अगं, यांना कन्नड येतच नाही!” त्या आसामहून आल्या होत्या. मग बहिणीने हिंदीत दुभाषीपण केलं. मजुरी किलोवर, राहणं मळ्यातल्या लाइनीत, सीझन संपला की परत. पूर्वी हेच काम प्रामुख्याने येरव आणि कुरुब आदिवासी करत. आमच्या पॅकेजच्या माहितीपत्रकात हत्ती होते, धबधबा होता, ही माणसं कुठेच नव्हती.

आता मुख्य मुद्दा. ही सावली टिकेल का, हे भावावर ठरतं. २००१-०२ च्या सुमारास जगभर कॉफीचे भाव कोसळले. आपल्याकडचे बहुसंख्य कॉफीवाले छोटे शेतकरी, ते हबकले. त्यात मिरीने हात दिला आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन होमस्टेनेही दिला. त्यामुळे ‘पर्यटन वाईट’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. २०२४-२५ मध्ये भावाने उलट उच्चांक गाठले, पण भावाचा भरवसा कुणी धरत नाही. जुनी देशी झाडं जाऊन जागोजागी सरळसोट सिल्व्हर ओक उभे राहिले ते काही शोभेसाठी नाही. ते लवकर वाढतात, लाकडाचा पैसा होतो आणि तोडायला परवानगीची कटकट कमी.

माझं भांडण आहे ते डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या रिसॉर्टशी. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत दरडी कोसळल्या, माणसं गेली, मडिकेरीच्या आसपासचे मळे चिखलाखाली गेले. पाऊस अतोनात होताच, पण बांधकामासाठी आणि रस्त्यांसाठी उभे कापलेले उतार हेही कारण भूवैज्ञानिकांनी सांगितलं. सिव्हिलवाल्यांनो, हे आपण स्लोप स्टॅबिलिटीत शिकतोच. पायथा कापला, वरून वजन चढवलं, पाणी मुरलं, की फॅक्टर ऑफ सेफ्टी एकच्या खाली. माळीण आणि इरशाळवाडी झालेल्या राज्यातल्या मुलांना तर हे जास्त समजावून सांगायला नको. पण ‘व्हॅली व्ह्यू’ची खोली जास्त पैसे देऊन बुक करणारेही आपणच असतो. आमच्या घरात यावरून बाबांशी वाद झाला. बाबा म्हणाले, “तू व्ह्यू बघू नकोस, भिंत बघ.” आई बाबांच्या बाजूने!

यंदा शेवटच्या वर्षाची सहल कूर्गला जाणार असं ऐकतो. कमिटीला माझी सूचना अशी, की सातातले चार पॉइंट खोडा आणि एक सकाळ एखाद्या मळ्यात घालवा. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर रोबस्टाची तोडणी सापडेल. पल्पर बघा, त्याच्या सांडपाण्याचं काय करतात तेही विचारा, केमिकलवाल्यांना तिथे प्रोजेक्ट मिळेल. मार्च-एप्रिलमध्ये गेलात आणि आठ-दहा दिवस आधी वळवाची एक चांगली सर पडून गेली असेल तर अख्खा मळा पांढऱ्या फुलांनी भरलेला दिसेल, वास साधारण जाईसारखा. आणि बजेट नसेल तर आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफी आहे. एसटी जाते.